हिरण्यकेशीकाठच्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

उसावरची कीड खाणाऱ्या अळ्यांच्या त्या पोतंभर पानांचे पैसे तुम्ही घेतले नव्हते. आभार तरी घ्या, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

2002 साली उसाचा रस शोषणारा लोकरी मावा सांगलीकडं दिसला आणि बघता बघता दूधगंगा-वेदगंगा ओलांडून आमच्या निपाणी भागात उतरला. पानाच्या खालच्या अंगाला पांढरी लोकर, त्यातनं गळणारा चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी. उसाची वाढ थांबली, साखरेचा उतारा घटणार म्हणून सगळे धास्तावलेले. ऊस डोक्याच्या वर गेलेला. पाठीवर पंप घेऊन आत शिरायचं कसं, आणि शिरलं तरी फवारा पानाच्या पाठीला लागायचा कसा? तरी औषधाच्या दुकानात गर्दी होतीच.

तुम्ही कन्नडमध्ये म्हणालात, "औषध होडीबेड्री," म्हणजे औषध मारू नका. आणि पान उलटं करून दाखवलंत. माव्याच्या गर्दीत बारीक जाळी विणलेली, जाळीखाली एक अळी निवांत मावा फस्त करत होती. ती डिफा. दुसऱ्या पानावर मायक्रोमस. त्याची अळीही मावा खाते आणि पंख फुटलेला किडाही. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं मायक्रोमस वाढवून शेतकऱ्यांपर्यंत पोचवला, हेही तुमच्याकडूनच कळलं. हेक्टरी डिफाच्या 1000 नाहीतर मायक्रोमसच्या 2500 अळ्या सोडायच्या, असा शास्त्रज्ञांचा हिशेब. आपण कुठलं मोजायला बसतोय! सकाळच्या गारव्यात अळ्यांची पानं कापून, ओल्या पोत्यात गुंडाळून तुम्ही आमच्या बांधावर आलात. माव्याच्या पानाला ती खालच्या बाजूनं टाचायची, उन्हात उघडी ठेवायची नाहीत, सगळं हाताला धरून शिकवलंत. तुमचं कन्नड, आमचं मराठी, पण अडलं कुठंच नाही.

नंतर नुसतं थांबायचं, हे मात्र जड गेलं. रान पांढरंच दिसायचं, धाकटा भाऊ पंप काढून बसायचा. तुमचा निरोप एकच: फवारलं तर मावा पुन्हा येईल, पण त्याला खाणारे मरून जातील. त्या निरोपावर आम्ही तग धरला. मग पांढरं ओसरत गेलं आणि आमच्या रानातली पानं शेजाऱ्यांनी मागून नेली. मी पण पैसे घेतले नाहीत, तुमचंच वळण.

यंदा ओढ्याकडच्या सऱ्यांत पुन्हा थोडा मावा दिसला. पान उलटून बघितलं तर जाळ्या आधीच विणलेल्या. कुणी सोडायला गेलं नव्हतं.

आता पुतण्यानं मका केलाय आणि त्यात लष्करी अळी आहे, ती 2018 साली देशात पहिल्यांदा शिवमोग्ग्याकडं सापडली ती. तिच्या अंड्यांवर जगणारी टेलेनोमस नावाची चिमुकली गांधीलमाशी असते म्हणे. तुमच्याकडच्या मक्यात कुणी सोडली असेल तर कळवा, अण्णा. पोरगा पंप भरायच्या आत.

तुमचा,
वेदगंगाकाठचा एक ऊसवाला