मावशी, तुमची वजरी आमच्याकडेच राहिली आहे

सलाम मावशी,

तुमच्या ख्रिस्ती लोकांत नमस्काराच्या जागी सलाम म्हणतात, हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तुम्हाला आमच्या गावात येऊन अकरा वर्षं झाली. तीन घरं सोडून राहता, आमच्या घरच्या बायांचे ब्लाउज तुमच्याच मशीनवरून उतरतात, आणि मला तुमचा नमस्कारही माहीत नव्हता. म्हणून सुरुवात तिथूनच केली.

हे पत्र हातात आणून दिलं असतं तर तुम्ही घडी करून मशीनच्या खणात टाकलं असतं आणि "बस बाप्पा, चहा मांडतो" म्हणून विषय संपवला असता. म्हणून उघड लिहितो. दुसरं कारण असं की तुमच्याबद्दल जे वाईट बोललो तेही उघड्यावर, पानटपरीवर चार लोकांत बोललो होतो. नाव लिहायचं नाही असा तुमचा दम आहे, तो पाळतो. गावाचंही लिहीत नाही. अंजनगाव सुर्जी तालुका, पानमळ्यांचा आणि पानपिंपरीचा पट्टा, एवढं पुरे.

परवा ३० जानेवारीला ग्रामसभेत कुष्ठरोगाची शपथ झाली. गांधीजींच्या पुण्यतिथीला दरवर्षी होते. कागद वाचला गेला, आम्ही उजवा हात पुढे करून मागोमाग म्हटलं की भेदभाव करणार नाही. तुम्ही मागे बायांत बसून कुणाच्या तरी झंपराला हूक लावत होता. शपथ सुरू झाली तशी सुई कापडाला टोचून ठेवलीत, हात पुढे केलात, आणि संपल्याबरोबर पुन्हा सुई उचललीत. माझ्या शेजारी बाबा बसले होते, पायात ती काळ्या रबराची चप्पल. माझा आवाज काही नीट फुटला नाही.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी तुम्ही हिचा ब्लाउज द्यायला आलात, तेव्हा ओसरीच्या फरशीवर एक ओला ठसा होता. टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत पाय उमटलेला, आणि अंगठ्याखाली पाच रुपयांच्या नाण्याएवढा लालसर पिवळा डाग. घरातली आम्ही पाच माणसं तो ठसा ओलांडून ये-जा करत होतो. हिनं तसलाच एक सकाळी पुसलाही होता, पानाची पिंक समजून. तुम्ही पिशवी खाली ठेवली, वाकून पाहिलं आणि विचारलंत, "हा पाय कोणाचा व्हय?"

बाबांचा पाय दुखत नव्हता. "दुखत नाई म्हणूनच तं घात झाला," असं तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे पाहिलंत. शेकोटीजवळ बसलेले असताना कधीतरी निखारा तळव्याला चिकटला होता. त्यांना कळलं नाही. मग त्यावरच महिनाभर चालले. घरात वास येत होता, तो आम्ही मेलेल्या उंदराचा समजून कोठीतली पोती हलवून पाहिली होती.

ज्या रोगाचं नाव आमच्या घरात कधी घेतलं गेलं नाही ते तुम्ही पहिल्याच दिवशी, बाबांचा पाय घमेल्यात ठेवता ठेवता, साध्या आवाजात घेतलंत. आणि बाबा बोलायला लागले. मी दाराआड उभा होतो. १९८८च्या आसपासची गोष्ट. पाहुण्याकडे जातो म्हणून ते शकुंतला रेल्वेत बसायचे, अचलपूरला उतरायचे आणि कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यातून गोळ्या घेऊन परत यायचे. ती गाडीही आता बंद पडली. तेव्हा दोन वर्षं गोळ्या खाव्या लागत. कातडी काळपट पडली, तर आजीनं गावाला सांगितलं की पोरगा उन्हात फार राबते. रोग गेला, पण मेलेली शीर काही परत आली नाही. तळपाय तेव्हापासूनच सुन्न. तीस-पस्तीस वर्षांत बाबांनी हे मला सांगितलं नव्हतं आणि तुम्हाला अर्ध्या तासात सांगून टाकलं.

लपवण्याचं कारण मला ठाऊक होतं: बहिणीचं लग्न. २०१९पर्यंत हा रोग आपल्या कायद्यात घटस्फोटाचं एक कारण म्हणून लिहिलेला होता, मग खेड्यातल्या माणसानं तरी काय करावं. आता सहा महिन्यांत किंवा वर्षभरात फुकटच्या गोळ्यांनी माणूस पुरता बरा होतो, गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत त्याच्यापासून लागण होत नाही, आणि त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. पण अंगावरचा बधिर चट्टा दाखवायला अजूनही कुणी जात नाही, हे तुम्हीच सांगता ना.

तर त्या दिवशी मी गरम पाण्याचं गुंड आणलं आणि तुम्ही ओरडलात. "गरम पानी आनू नको! यायले समजत नाई, तू पोळवशीन. कोपर घालून पाह्य आधी." मग साधं पाणी. वीस मिनिटं पाय पाण्यात, तोवर तुम्ही खाली फतकल मारून बसलात आणि घड्याळात पाहत राहिलात. मग जखमेभोवतीची जाड, पांढरी पडलेली कातडी वजरीनं हलक्या हातानं घासून काढलीत. मधल्या खड्ड्याला वजरी लागू दिली नाही. बोटांमधली जागा कापडानं टिपलीत, एक एक करून, लहान लेकराची टिपतात तशी. खोबरेल तेल फक्त भेगांना, जखमेला नाही. डालड्याच्या जुन्या डब्यातून पट्ट्या काढल्यात, ब्लाउजच्या अस्तराची उरलेली कापडं फाडून, उकळून, उन्हात वाळवलेली. शेवटी नेलकटर घेतलंत. बाबांची नखं शिंगासारखी झाली होती. तुम्ही पंधरा मिनिटं त्याच कामात होता.

मी दर दसऱ्याला सोनं देऊन बाबांच्या पाया पडतो. दिवाळीला पडतो, पोळ्याला पडतो. पाऊल वरून मला पाठ आहे, त्यावरच्या शिरांसकट. तळवा मात्र मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

खोटं कशाला बोलू, त्यानंतर मी त्यांना तालुक्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. जुने कागद पाहिल्यावर तिथल्या माणसानं बाबांना बाहेर पायरीवर बसायला सांगितलं, आणि पायाची पट्टी न सोडताच मलम लिहून मिळालं. मी भांडलो नाही. उलट कुणी ओळखीचं पाहत नाही ना, हे पाहून मोटरसायकल काढली.

तुम्ही मात्र ऐन लगनसराईत दोन दिवस मशीन बंद ठेवून आमच्याबरोबर एसटीनं कोठाऱ्याला आलात. तिथं रांगेत बसल्यावर म्हणालात की आमची माय याच बाकावर बसत असन, तिचे बोटं इथंच वाचले. पट्टी बांधायला तुम्ही कुठं शिकलात ते मला तेव्हा समजलं. डॉक्टरांनी जखम हाडापर्यंत गेलेली नाही म्हणून सांगितलं आणि औषधापेक्षा एकच गोष्ट तीनदा बजावली: चालायचं नाही. तुम्हीही तेच घोकत होता. "औषधानं नाई भरत, बसल्यानं भरते." शेतकऱ्याला बसवणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. बाबा पहाटे चोरून पानमळ्यात जायचे. तुम्ही त्यांच्या जुन्या चपला उचलून स्वतःच्या घरी नेऊन ठेवल्यात, हे मला अजून हसवतं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास खड्डा भरला, आणि मगच ती मऊ रबराची, खिळा नसलेली चप्पल त्यांच्या पायात आली.

आता जे सांगायचं राहिलं होतं ते.

फेब्रुवारीत टपरीवर कुणीतरी म्हणालं, "बाई आज पाय धुऊन राह्यली, उद्या पानी शिंपडन अंगावर." म्हणजे बाटवेल. सगळे हसले. मीही हसलो. आणि वर म्हणालो की आपलं काम होतवर होऊ द्या, मग पाहू. बाबांचा पाय तुमच्या मांडीवर असताना मी हे बोललो, मावशी. दुसऱ्या दिवशी तुम्ही मोरीवर हात धुवायला गेलात तेव्हा मी तुमची पिशवी उघडली. पत्रकं सापडतील, फोटो सापडतील, निदान कुणाच्या तरी नावांची यादी सापडेल, असं वाटलं होतं. आत कात्री, मापाची फीत, पट्ट्यांचा डबा, नेलकटर, पारले-जीचा अर्धा पुडा, पलीकडच्या गल्लीतल्या म्हातारीचं निराधार योजनेचं पासबुक आणि तिच्या आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स. तळाशी नव्या कराराचं लहानसं पुस्तक, पाठ निघालेलं, आत खूण म्हणून विजेचं बिल. ते कुणाला द्यायचं असतं तर कोरं तरी असतं. मी पिशवी बंद केली. तुम्ही आलात, पिशवीचा बंद उलटा बसलेला पाहिलात आणि काही बोलला नाहीत.

गावाची शंका अगदीच आभाळातून पडलेली नाही, हेही म्हणतो. पण आपल्याकडे मिशन म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते कोठारा, वाशीम, उमरीसारख्या दवाखान्यांचं मोठं कंपाउंड, कडुनिंबाची झाडं आणि घंटा. तिथली औषधं कितीतरी घरांनी खाल्ली आहेत. झंपराच्या पिशवीतून मिशन चालतं हे डोक्यात येत नाही. मी एकदा तुम्हाला सरळ विचारलंही, "मावशी, तुम्ही मिशनचं काम करता का?" तुम्ही दातात दोरा धरलेला होता. तो तोडलात आणि म्हणालात, "मिशन तं कोठाऱ्याले हाय बाप्पा. मी तं झंपर शिवतो."

हिनं मात्र तुमच्याकडून जास्त काढून घेतलं. बाया बायांना विचारतात. तिला तुम्ही बायबलातल्या दुर्कसची गोष्ट सांगितलीत. यापो गावची बाई, विधवांसाठी कपडे शिवायची. ती गेली तेव्हा सगळ्या विधवा रडत रडत तिनं शिवलेले अंगरखे येशूच्या शिष्याला, पेत्राला, दाखवत होत्या. ही घरी येऊन म्हणाली, "अवो, ते तं शिंपीणच व्हय." आणि मग जरा थांबून म्हणाली की आपल्या गावात असं दाखवायची वेळ आली तर बायांना अंगावरचेच झंपर दाखवावे लागतील.

बाबांचं म्हणणं वेगळं. ते तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे जुने भजनी, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना चुकवत नाहीत, खंजिरी अजून खणखणीत वाजवतात. ते म्हणतात, शेंडगाव आपल्याच तालुक्यातलं. गाडगेबाबा तिथले. त्यांनी खराटा घेतला, हिनं वजरी घेतली, यात काय विचारायचं? तुम्हाला आठवत असेल, २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला गाव झाडायला निघालं तेव्हा तुम्ही खराटा घेऊन सगळ्यांच्या आधी पारावर हजर होता. कुणीतरी चिमटा काढला, तर म्हणालात की पाच दिवसांवर नाताळ आला, मले अंगण झाडायचंच हाय, त्यात गावही झाडून होते.

तुमच्यात काहीच खोट नाही असं लिहिलं तर हीच मला खोटं पाडेल. तुमचा चहा फार गोड असतो. तुम्ही ओरडता. आणि कबूल केलेल्या दिवशी ब्लाउज दिल्याचं गावात कुणालाही आठवत नाही. नागपंचमीचा ब्लाउज राखीला, राखीचा पोळ्याला. आता मला माहीत आहे तो वेळ कुठं जातो. त्या म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता म्हणून तुम्ही तिला घेऊन तीन दिवस सेतू केंद्राच्या ओट्यावर बसला होता. त्यातल्या एका दिवशी आमच्या भाचीच्या साखरपुड्याचा ब्लाउज राहिला, आणि मी तुमच्या दारात येऊन आवाज चढवला होता. तेव्हाही तुम्ही कारण सांगितलं नाहीत.

आता रोज प्रार्थनेच्या आधी बाबांचे पाय मी पाहतो. कोपर घालून पाणी, वीस मिनिटं, मग वजरी, मग तेल. पहिले आठ दिवस मला मळमळायचं. आता मोबाइलवर बाजारभाव पाहत पाहत होऊन जातं. मागच्या आठवड्यात डाव्या टाचेला एक लाल ठिपका दिसला, काटा होता, लगेच काढला. पोरगा शेजारी बसून पाहतो.

तुमची वजरी आमच्याकडेच आहे. बहिरमच्या यात्रेतून मी तुमच्यासाठी नवी आणली आहे, जुनी परत मागू नका. बाबा दुसरीनं घासू देत नाहीत. आणि संक्रांतीच्या त्या ब्लाउजचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत, ते शनिवारी हिच्याबरोबर पाठवतो आहे. सोबत पानपिंपरीची पुडी आहे, तुमच्या खोकल्यासाठी.

आपला,
पिशवी उघडून पाहणारा