केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : चोविसाव्या आठवड्यानंतर कोर्टाची पायरी कशासाठी?

प्रति,
माननीय मंत्री,
आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

माननीय महोदय,

गर्भपाताचा कायदा पुन्हा बदलावा की नाही, यावरच्या चर्चेत स्त्रीचे हक्क आणि गर्भाचे हक्क असे दोन तट पडतात आणि त्या गदारोळात एक मर्यादित, संसदेला एका दुरुस्तीने सोडवता येण्याजोगा प्रश्न मागे पडतो. लैंगिक अत्याचारातून गर्भ राहिलेल्या मुलीला, २४ आठवडे उलटून गेले एवढ्याच कारणाने, गर्भपातासाठी उच्च न्यायालयात याचिका का करावी लागावी, हा तो प्रश्न.

१९७१चा कायदा शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींवरून झाला. गर्भपात हा दंडविधानानुसार गुन्हा होता (आजही भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ खाली आहे) आणि विशिष्ट अटींत तो करणाऱ्या डॉक्टरला या कायद्याने संरक्षण दिले. २०२१च्या दुरुस्तीने मुदत वाढवली, हे आपल्या मंत्रालयाचे श्रेय आहे. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, आणि बलात्कारपीडिता, अल्पवयीन मुली, गर्भारपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या स्त्रिया अशा काही गटांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करून घेता येतो. त्यानंतर मात्र, जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागणारा गर्भपात सोडला, तर वैद्यकीय मंडळाचा, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीचा, दरवाजा गर्भात गंभीर व्यंग असेल तरच उघडतो. म्हणजे तेविसाव्या आठवड्यात कायद्याला जी तेरा वर्षांची मुलगी दिसते, ती पंचविसाव्या आठवड्यात दिसेनाशी होते.

या मुली उशिरा का येतात, हे जिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या कोणालाही विचारावे. पाळी नुकतीच सुरू झालेली आणि अनियमित असते, त्यामुळे ती चुकल्याचे तिलाच कळत नाही. अत्याचार करणारा पुष्कळदा घरातला किंवा शेजारचा असतो, आणि तोंड उघडलेस तर बघ, असे त्याने बजावलेले असते. पोट दुखते म्हणून आई दवाखान्यात नेते, सोनोग्राफी होते आणि मगच सगळे उघडकीला येते. त्यानंतर पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे, जबाब, एफआयआर, सिव्हिलमध्ये तपासणी. आणि हे सगळे पार पडल्यावर तिथले डॉक्टर सांगतात, ‘कोर्टाची ऑर्डर आणा.’ डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही; ज्या कायद्याची सुरुवातच गुन्ह्याच्या अपवादापासून होते, त्यात जपून पाऊल टाकणारा डॉक्टर असेच म्हणणार. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे ती शाळकरी मुलीला चढावी लागते, आणि तारीख पुढे गेली की गर्भही वाढतो. ऑगस्ट २०२३मध्ये गुजरातमधील एका पीडितेच्या अर्जाला उच्च न्यायालयात बारा दिवस पुढची तारीख मिळाली, त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला शनिवारी बसून नाराजी व्यक्त करावी लागली.

महाराष्ट्रातले २०२४चे प्रकरण तर आपल्या मंत्रालयाने ओळीओळीने वाचावे असे आहे. मुलगी चौदा वर्षांची होती. मंडळाने आधी, न्यायालयाची परवानगी असल्यास ती गर्भपातासाठी शारीरिक व मानसिकदृष्ट्या सक्षम आहे, असे मत दिले. काही दिवसांतच, तिला पुन्हा न तपासता, ‘स्पष्टीकरण’ म्हणून उलट मत दिले, कारण गर्भ २७-२८ आठवड्यांचा होता आणि त्यात व्यंग नव्हते. मुलीचे काय होणार, हा विचार त्या दुसऱ्या मतात नव्हता. उच्च न्यायालयाने त्यावर विसंबून नकार दिला. २२ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा गर्भ तिसाव्या आठवड्याच्या घरात होता. पालकांना तिच्या जिवाची धास्ती वाटू लागली आणि आठवड्याभरात ती परवानगी मागे घ्यावी लागली. न्याय मिळाला, पण त्याचा उपयोग करण्याची वेळ निघून गेली होती.

एवढ्या उशिरा गर्भ बाहेर जगू शकतो, हा आक्षेप मला हलका वाटत नाही. डॉक्टरांची घालमेल खरी असते. ऑक्टोबर २०२३मध्ये दोन मुलांच्या आईला २६ आठवड्यांनंतर परवानगी नाकारताना सर्वोच्च न्यायालयानेही कायद्याच्या याच चौकटीवर बोट ठेवले. पण हा आक्षेप मान्य केला, तर निर्णय लवकर होण्याची व्यवस्था करणे हेच त्याचे उत्तर ठरते. आजची रीत नेमकी उलटी आहे : ती दिवस खाते आणि मग उशीर झाला म्हणून नकार देते. गर्भलिंगनिदानाची भीती इथे पुढे करू नये. त्यासाठी १९९४चा स्वतंत्र कायदा आहे, आणि म्हैसाळच्या स्त्रीभ्रूणहत्येसारखे गुन्हे अत्याचारपीडितांच्या वाटेत धोंडा ठेवून थांबणार नाहीत.

म्हणून विनंती अशी की, गर्भपात कायद्याच्या कलम ३(२ब) मधील गर्भव्यंगाच्या जोडीला लैंगिक अत्याचाराच्या पीडिता आणि अल्पवयीन मुली यांचा समावेश करावा आणि मंडळाची अनुमती व कायद्याने लागणारी संमती मिळाल्यावर न्यायालयाच्या आदेशाची गरज राहणार नाही, असे कायद्यातच लिहावे. मंडळाच्या रचनेत स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांची नावे आहेत, मानसोपचारतज्ज्ञाचे नाही. तेही घालावे. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत आणि पाच दिवसांच्या आत गर्भपात, ही मुदत नियमांत आधीपासूनच आहे; ती या मुलींनाही लागू व्हावी.

विधेयकाला वेळ लागेल, हे मान्य. पण मंडळाने मुलीच्या शारीरिक आणि मानसिक अवस्थेचा विचार केलाच पाहिजे आणि मत बदलल्यास ठोस कारणे दिलीच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४च्या त्याच निकालात सांगितले आहे. तसे परिपत्रक राज्यांना काढायला संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. मंडळाच्या अहवालाच्या नमुन्यात मुलीच्या अवस्थेसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा आणि तो कोरा असलेला अहवाल अपूर्ण मानला जावा, एवढे त्या परिपत्रकात लिहिले तरी चालेल.

आपली विश्वासू,
विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरील एक वकील