ऑपरेशनच्या दिवशी मी मुंबईतच असेन

ती. आई-बाबा,
सा. न.

आधी तेच सांगते, म्हणजे बाकीचं पत्र शांतपणे वाचाल. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी चिपळूणला येत नाहीये. दादाने सुट्टी काढली आहे, आदल्या रात्रीच्या कोकणकन्येने तो निघेल. माझं रोबोकॉन, म्हणजे कॉलेजांची रोबोंची स्पर्धा, झालं की दिल्लीहून थेट घरीच येते.

ऑपरेशन किरकोळ, असं बाबाच म्हणाले, पण म्हणून थांबले असं समजू नका. आमच्या टीमच्या रोबोचं सगळं वायरिंग माझ्याकडे आहे. या टप्प्यावर रोबो दगा देतो तो बहुतेक वेळा वायरीपायी. टेबलावर सगळं ठीक चालतं. धावायला लागला की सांगाडा हादरतो, क्रिंप, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची पिन, नीट दाबलेला नसेल तर तार आत हलते, क्षणभर वीज तुटते आणि कंट्रोलर, म्हणजे रोबोचा मेंदू, पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून प्रत्येक तार ओढून बघायची, कनेक्टरजवळच टाय मारून सांगाड्याला बांधायची, दोन्ही टोकांना नंबर चिकटवायचा. मोटारीच्या जाड वायरी एन्कोडरच्या, म्हणजे चाकाचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरच्या, बारीक वायरींपासून लांब न्यायच्या, नाहीतर चाक किती फिरलं याचे आकडेच चुकतात. बॅटरीचा कनेक्टर सोल्डर करताना त्याची जोडी आत घालून ठेवायची, म्हणजे प्लॅस्टिक मऊ पडलं तरी पिना तिरक्या होत नाहीत. ज्युनियर मुली हे शिकताहेत, पण ऐनवेळी त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही. बाबा, तुम्हीही विहिरीवरचा स्टार्टर दुसऱ्या कुणाला उघडू देत नाही. टॉर्च धरायला तेवढी मी लागायचे.

आई, बॅटरीची धास्ती सोड. आमची सहा सेलची असते, पूर्ण भरली की 25.2 व्होल्ट, म्हणजे प्रत्येक सेल 4.2. 5000 एमएएचच्या बॅटरीला 5 अँपिअरच्या वर चार्जिंग लावत नाही. सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जर, आगरोधक पिशवी, शेजारी वाळूची बादली, आणि समोर कुणीतरी जागं. जराशी फुगलेली दिसली तरी ती बाद. रोबोवर लाल बटण असतं, दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं. नियमच आहे तसा. रात्री आम्ही मुली एकत्रच हॉस्टेलवर परततो. मेसवाल्या मावशी ताट झाकून ठेवतात. तुझी कुळथाची पिठी अजून आहे, आणि पावसात लॅमिंग्टन रोडला सामान आणायला गेले तर छत्री नेते, खरंच.

आता माझं ऐका. बीपीची गोळी ऑपरेशनच्या सकाळी घ्यायची का, ते डॉक्टरांना आजच विचारा. थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवायचे, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, दोन वेगळ्या औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची. डोळा चोळायचा नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोक्यावरून पाणी नाही, वाकून नारळ उचलणं नाही, पंप बंद पडला तर पडू दे. आई, त्या दिवशी तू उपास धरायचा नाहीस, दोघांपैकी एकाच्या तरी अंगात ताकद हवी. थेंबांच्या वेळा दादा मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावेल. बाबा, रागावला असाल तर फोनवर रागवा, मी रोज रात्री नऊला करीन.

तुमची,
मनू