मोर्स शिकवा, पण सक्ती नको

संपादक महोदय,

हॅम रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून संदेश पाठवण्याच्या, परवान्यासाठी मोर्सची (टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची) परीक्षा हवी की नको, हा वाद हौशी मंडळींत अजून शमलेला नाही. मी स्वतः मोर्सचे आखूड-लांब आवाज, म्हणजे डिट-डा, कानात घोळवून परवाना मिळवला. तरीही सक्ती नको, असंच माझं ठाम मत आहे.

ही अट आली ती जहाजांमुळे. त्यांचे संकटसंदेश मोर्समध्ये यायचे आणि हौशी माणसाला ते ओळखून आपलं प्रसारण थांबवता आणि लहर मोकळी करता यायला हवी होती. १९९९ मध्ये जहाजांची संकटयंत्रणा पूर्णपणे उपग्रह व डिजिटल पद्धतीवर गेली. २००३ च्या जिनिव्हातील जागतिक रेडिओ परिषदेने ३० मेगाहर्ट्झखालच्या लहरींसाठीची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवून निर्णय देशांवर सोपवला. ब्रिटनने त्याच वर्षी, अमेरिकेने २००७ मध्ये अट काढली.

'परीक्षा ही गाळणी आहे, उथळ माणसं बाहेर राहतात,' हा युक्तिवाद मला पटत नाही. स्वतः अँटेना उभारणारी, सर्किट समजून घेणारी मुलगी केवळ मिनिटाला पाच शब्द टिपता येत नाहीत म्हणून उथळ कशी?

मोर्सवर माझं प्रेम आहे. आवाजाच्या संभाषणाला लहरपट्ट्यात अडीच-तीन हजार हर्ट्झ रुंदी लागते, मोर्सला जेमतेम दीडशे; त्यामुळे सगळी शक्ती अरुंद पट्ट्यात एकवटते. म्हणून दोन-चार वॅटचा क्षीण संकेतही खरखरीतून कानाला सापडतो. हा आनंद नवख्यांना शेजारी बसवून दाखवावा. परीक्षेत मात्र विद्युतसुरक्षा आणि इतरांच्या प्रसारणात व्यत्यय न आणणं, यांवरचे प्रश्न अधिक कडक करावेत.

– एक हौशी रेडिओचालक