रविवारची बैठक : ताराबाई शिंदे आणि आपल्या घरातल्या विसरलेल्या बायका

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत अभ्यासगटाची बैठक आहे. सर्वांनी वेळेवर यावे.

बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती आणि वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या नीतीवर ताशेरे ओढले जात होते. ताराबाईंनी उलट पुरुषांनाच जाब विचारला. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. तरीही पुस्तक विस्मरणात गेले, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. इतकी धारदार लेखणी नव्वदहून अधिक वर्षे झाकली गेली, याची मला फार चुटपुट लागते.

लक्षात ठेवा :

• पुस्तक वाचूनच या. छोटेखानी आहे. प्रत नसेल त्यांनी वाचनालयात विचारावे.

• आपल्या घरातल्या किंवा गावातल्या एका बाईची माहिती आणा. सुईण, शिक्षिका, शेत एकटीने सांभाळलेली पणजी, कोणीही चालेल. जुन्या कागदांत ‘अमक्याची बायको’ एवढीच नोंद असते. तिचे स्वतःचे नाव, माहेरच्या नावासकट, शोधून काढा.

• ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगा. पदरची भर नको.

• शाळेचा दाखला, सातबारा, पत्रे यांचे फक्त मोबाइलवर फोटो आणा. मूळ कागद घरीच राहू द्या.

• बोलणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत गटावर नाव कळवावे. घरातल्या आजींना सोबत आणलेत तर फारच छान. त्यांना आधी बोलू देऊ.