दुधाची किटली

सातारा,
रविवार, रात्रीचे साडेनऊ

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "विज्या, आपल्याच्यानं काही होत नाही रे," आणि मी काही बोलायच्या आत तुला ऑफिसचा दुसरा फोन आला. ते वाक्य दोन दिवस माझ्या कानात तसंच लोंबकळत राहिलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर लिहायला घेतलं, चार ओळी झाल्या, पुसल्या. मग पोरीच्या वहीतली पानं फाडली. तेव्हा अक्षर सांभाळून घे.

तुझं गाऱ्हाणं मला कळलं ते असं. एक जानेवारीपासून पहाटे साडेचारला उठायचं, वर्षाचे पैसे एकदम भरून जिम, साखर बंद, रोज दहा पानं वाचन, रात्री डायरी. आणि बाराव्या दिवशी सगळंच बंद. अरे, नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तू अकरा काढलेस. वरचे दोन दिवस व्याज समज.

चेष्टा पुरे. मी तुला शिकवायला बसलो नाही, माझाच हिशेब मांडतोय. २०२२ च्या दिवाळीनंतर माझी एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तपासणी, निघाली ६.३. ५.७ पर्यंत ठीक, ६.५ पासून मधुमेह, म्हणजे मी उंबरठ्यावर एक पाय टाकून उभा होतो. ही तपासणी फार खडूस असते बघ. नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेला आपण फसवू शकतो, आदल्या दोन दिवशी गोड टाळलं, भात कमी खाल्ला की आकडा जरा सोज्वळ दिसतो. पण ही तपासणी तांबड्या पेशींना किती साखर चिकटलीय ते मोजते आणि त्या पेशी जगतात साधारण १२० दिवस. म्हणजे गेल्या तीन महिन्यांत तू रोज काय केलंस तेवढंच ती विचारते. डॉक्टर म्हणाले, औषध आत्ता देत नाही, रोज चाला, तीन महिन्यांनी या.

मीही तुझ्यासारखंच केलं. महागाचे बूट आणले. पावलं मोजणारं घड्याळ आणलं. अजिंक्यताऱ्याच्या चढावर ती 'चार भिंती' नावाची जागा आहे, तिथपर्यंत रोज चढायचं ठरवलं. पहिला आठवडा चढलो, घामाघूम फोटो टाकले, तूही अंगठा दिला होतास. मग एका थंडीच्या पहाटे पांघरुणातून हात बाहेर काढला, गजर बंद केला आणि तो दिवस, तो आठवडा, तो महिना गेला. तीन महिन्यांनी आकडा ६.४. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसतं चष्म्यावरून पाहिलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

मार्ग काढला तो बायकोनं, आणि तोही माझ्या तब्येतीसाठी नाही. पिशवीच्या दुधाला साय धरत नाही म्हणून तिचं रोजचं रडगाणं. एक दिवस तिनं दूधवाल्याला बंद करून टाकलं आणि मला सांगितलं, माची पेठेतल्या गोठ्यावर साडेसहाला म्हशीची धार निघते, किटली घेऊन जायचं. दूध आलं तर चहा, नाही तर नाही. आणि चहा म्हणजे माझा एकट्याचा नव्हे, आईचा, पोरीचा, तिचा स्वतःचा. पहिल्या दिवशी मी पावणेसातला लोळतच होतो, तर आई पलंगापाशी येऊन नुसती उभी राहिली. हातात रिकामा कप. त्या दिवसापासून आजपर्यंत मी किती वेळा दांडी मारली असेल? आजारपण आणि परगाव सोडलं तर बोटांवर मोजण्याइतकी.

गंमत अशी की मला चालायची इच्छा तेव्हाही नव्हती, आत्ताही फारशी नाही. पण गोठ्यावर जायला वीस मिनिटं, यायला वीस मिनिटं, हे आपोआप झालं. दोन महिन्यांनी असंच एकदा लवकर जाग आली, धारेला अजून वेळ होता, म्हणून थोडा वर चढलो. मग रोजच थोडा लवकर निघायला लागलो. आता पावणेसहाला बाहेर पडतो, चार भिंतीला हात लावतो, उतरताना दूध घेतो. अजिंक्यताऱ्याच्या अंगावर धुकं असलं की खालचं गाव दिसत नाही, नुसता एस्टीचा हॉर्न ऐकू येतो. तुला ठाऊक आहे ते सगळं. आपण दहावीला अभ्यासाच्या नावाखाली तिथेच जायचो.

मागच्या तपासणीत ५.८ निघाली. उंबरठ्याच्या आत पुरता आलो असं नाही, संध्याकाळचं फरसाण माझ्याच्यानं अजून सुटलेलं नाही. पण पाय मागे घेतलाय.

यावरून मला एक कळलं आणि तेवढंच सांगायला हे पत्र. आपण सवय लावताना सगळा भार आपल्या टोकाला टाकतो. माझी जिद्द, माझा निश्चय, माझी शिस्त. दुसऱ्या टोकाला कुणी वाट पाहतंय का, हे बघतच नाही. तुझ्या जिमच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं? पैसे तर त्यांनी आधीच घेतले होते. उलट तू नाही आलास तर एक मशीन मोकळं!

तू कर्वेनगरात राहतोस ना, ते पूर्वीचं हिंगणं. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि विधवांसाठी काढलेला आश्रम १९०० साली हिंगण्याला हलवला. कॉलेज आणि आश्रम यांच्यामधली वाट ते वर्षानुवर्षे पायी तुडवायचे, पावसाळ्यात चिखलातूनसुद्धा. ज्या वाटेवर तू सिग्नलला गाडी बंद-चालू करत शिव्या घालतोस, जवळपास तीच. १८५८ चा जन्म, १९६२ ला गेले, १०४ वर्षं जगले. आता लोक म्हणतात, बघा, चालण्यानं आयुष्य वाढतं. वाढत असेलही. पण ते काही तब्येतीसाठी पावलं मोजत नव्हते. पलीकडे आश्रमातल्या बायका होत्या, त्यांच्या दाण्यापाण्याची काळजी होती. पोचणं भाग होतं म्हणून ते चालले.

पैशाचंही माझं तसंच झालं. लग्नानंतर किती तरी वर्षं मी महिनाअखेर जे उरेल ते बाजूला टाकणार होतो. उरायचं काय? कधी दोनशे, कधी उसनवारी. मग आमच्या गल्लीत पोस्टाच्या आरडीच्या एजंट काकू यायला लागल्या. पाच वर्षं, साठ हप्ते, चार तारखेला संध्याकाळी दारात हजर. हातात वही, पायात पावसाळी चपला, आणि "काय वहिनी, साहेब आले का?" हा प्रश्न अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असा. एकदा मी न्हाणीघरात लपलो होतो, खरंच सांगतो. काकू ओट्यावर बसून राहिल्या, बायकोनं त्यांना चहा दिला, मग मला बाहेर यावंच लागलं. साठ हप्ते त्या बाईनं भरून घेतले माझ्याकडून. त्याच पैशात पोरीच्या अकरावीची फी गेली. नंतर मी पीपीएफचं बचत खातं काढलं तेव्हा बँकेतल्या ओळखीच्या माणसानं सांगितलं, पाच तारखेच्या आत भरत जा, कारण पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. आता पगार झाला की दुसऱ्या दिवशी ती रक्कम आपोआप वळती होते. लपायला न्हाणीघर नाही आणि चहाही द्यावा लागत नाही. तरी मला काकूंची आठवण येते.

वाईट सवयीचं थोडं निराळं असतं. माझे काका आठवतात? लोणंदचे. पालखी गावात मुक्कामाला आली की आपल्याला झुणका-भाकर वाढायला उभं करायचे ते. पंढरपूरला माळ घातली तेव्हा मटण आणि बाटली एका दिवसात सुटली, पण तंबाखू नाही. माळकरी असून तंबाखू मळणारे मी ढिगानं पाहिलेत, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मग गालात आतून पांढरा चट्टा आला आणि डॉक्टरांनी घाबरवलं. काकांनी पुडी टाकली, पण चुन्याची डबी टाकली नाही. घासूनपुसून तिच्या एका खणात बडीशेप भरली, दुसऱ्यात भाजलेला ओवा. मी विचारलं, डबी कशाला ठेवलीत, आठवण होईल ना? तर म्हणाले, "जेवण झालं की हात खिशात जाणारच. तीस वर्षं गेलाय. रिकामा परत आला की तो मालकावर चिडतो." अजूनही तळहातावर ओवा घेऊन अंगठ्यानं मळतात आणि फुंकर मारतात. लांबून पाहणाऱ्याला वाटेल, म्हातारा सुधारला नाही.

काका सवय हा शब्द वापरतच नाहीत, नेम म्हणतात. रोजचा हरिपाठ हा नेम, एकादशी हा नेम. मला हा शब्द फार आवडतो, कारण बंदुकीचाही नेमच धरतात. आणि नेम चुकला म्हणून कुणी बंदूक फेकून देत नाही. तू मात्र बाराव्या दिवशी झोपून राहिलास आणि तेराव्या दिवशी जिम, वाचन, डायरी, सगळं एकदम फेकलंस. दिंडीत एखाद्याच्या पायाला फोड आले तर तो त्या दिवशी सामानाच्या ट्रकमध्ये बसतो, दुसऱ्या दिवशी टाळ घेऊन पुन्हा आपल्या रांगेत. त्याला कुणी घरी पाठवत नाही.

आणि एकवीस दिवसांत सवय लागते, हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं? ते मूळचं मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनचं. नवं नाक किंवा नवा चेहरा आपला वाटायला पेशंटना निदान एकवीसेक दिवस लागतात, असं त्यानं १९६० साली लिहिलं. लोकांनी 'निदान' गाळलं, नाकही गाळलं, उरले एकवीस दिवस. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली या बाईंनी ९६ जणांना बारा आठवडे रोज एकेक साधी गोष्ट करायला लावली. जेवणाबरोबर फळ, नाश्त्यानंतर चालणं, असलं काही. ते अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं. पण कुणाचं १८ दिवसांतच जमलं आणि कुणाला त्या वेगानं २५४ दिवस लागले असते. आणि मधला एखादा दिवस चुकला तर त्यानं काही बिघडलं नाही. म्हणजे ते दिंडीतल्या ट्रकचं बरोबर.

माझंही सगळं जमलंय असं समजू नकोस. एका रथसप्तमीला लोकांबरोबर १०८ सूर्यनमस्कार घालून आलो, रोज बारा घालणार असं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. ते तिथेच संपलं. मोबाईल मात्र रात्री स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार्जिंगला लावतो, उशाशी वडिलांचं किल्लीचं घड्याळ. त्याचा गजर असा काही खडखडतो की शेजारचेही उठतात. त्यांची चालायची सवय लागलेली नाही, पण उठायची लागली.

आता तुझं. साडेचारचं नाव काढू नकोस. रात्री साडेबाराला लॅपटॉप मिटणारा माणूस साडेचारला उठून काय करणार, भिंतीला डोकं टेकणार. जिमचे गेलेले पैसेही विसर. एकच धर.

तुला हे सांगू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. मी रोज दूध घेऊन येतो तेव्हा तुझ्या आईलाही अर्धा लिटर देऊन पुढे जातो, मागच्या श्रावणापासून. त्या तुला बोलल्या नसतील. आपल्या किटलीतून मापाने ओतून घेतात, पैसे मोजून ठेवलेले असतात, आणि मग विचारतात, "सुधीरचा काही फोन?" तुझा फोन त्यांना यायचा की मला, सांग. रात्री नऊला त्यांची मालिका संपते. टीव्ही बंद करून पुढच्या खोलीत बसतात, फोन मांडीवर असतो. मी एकदा औषध द्यायला गेलो होतो तेव्हा पाहिलं.

तर रोज नऊ वाजता जेवणाचं ताट बाजूला कर, चप्पल घाल, खाली उतर आणि आईला फोन लाव. बोलता बोलता चालत राहा, कालव्याकडे जा नाही तर सोसायटीला फेऱ्या मार. त्या गुडघ्यापासून सुरू करून शेजारच्या नव्या सुनेपर्यंत येतील, अर्धा तास कुठेच गेला नाही. एखाद्या दिवशी मीटिंग असेल, चुकेल. चुकू दे, दुसऱ्या दिवशी सव्वानऊला काय झालं होतं ते त्याच विचारतील. आमच्या आरडीच्या काकूंपेक्षा त्यांचा आवाज मोठा आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

बाकी इकडे ठीक. पोरगी बारावीला आहे, म्हणून घरात टीव्ही हळू. आईला एका डोळ्यानं कमी दिसायला लागलंय, मोतीबिंदूचं बघतोय. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
विज्या

ता. क. कंदी पेढे पाठवू का, असं बायको विचारतेय. तू साखर बंद केली आहेस असं मी तिला सांगितलेलं नाही. काय ते कळव.