धवलेरीला शिकवायला बोलवा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, जोहार.

चित्रकलेच्या वर्गात ‘वारली शैली’ शिकवली, तेव्हा सरांनी फळ्यावर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले आणि म्हणाले, झाला माणूस! मी वारली. त्या धड्यात मलाच सगळ्यात कमी गुण मिळाले.

माझी आत्या धवलेरी होती, म्हणजे आमच्या लग्नात विधीची गाणी गाऊन लग्न लावणारी बाई. आमच्याकडे लग्नात कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, चौकात पालघट देवी बसते आणि धवलेरी गात राहते. गाणं नसेल तर ती नुसती रंगवलेली भिंत, असं आत्या म्हणायची. एकदा शहरातून एक अभ्यासक आले. रात्रभर तिची गाणी टेप करून गेले, ती टेप पुन्हा पाड्यावर आली नाही. पुढे त्यांच्या प्रबंधात ‘पालघट हे सुफलतेचे प्रतीक’ असं छापून आलं. मी वाचून दाखवलं तर आत्या म्हणाली, “प्रतीक कसलं? ती येते.”

चित्रकार भास्कर कुलकर्णींनी सत्तरच्या दशकात आमच्या हातात कागद दिला, आमच्यातल्याच जिव्या सोमा मशेंनी ही कला जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळवली. अभिमान आहेच. पण कागद बहुतेक पुरुषांच्या हाती आला. बायकांची गाणी घरातच राहिली आणि अभ्यास त्रिकोणांचाच होत राहिला. भौगोलिक मानांकनाने बाजारात नाव राखलं. अर्थ कोणी सांगायचा, हे त्यात येत नाही.

अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून नवे नियम आले. मूळनिवासी जमातींच्या सांस्कृतिक वस्तू मांडायच्या किंवा अभ्यासायच्या तर संग्रहालयांना आधी त्या जमातींची संमती लागते. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने तर दोन दालनंच बंद केली. आपल्याकडे निदान सरकारी पैशाने होणाऱ्या अभ्यासाला तरी अशी अट घाला. ध्वनिमुद्रणाची प्रत पाड्यावर राहू द्या. कोणतं गाणं मांडवाबाहेर जाऊ द्यायचं, ते धवलेरी ठरवेल. आणि कला महाविद्यालयांत तिला पाहुण्या प्राध्यापकाइतकं मानधन देऊन शिकवायला बोलवा. पदवी मागू नका, आत्याला सहीसुद्धा येत नव्हती.

ती आता नाही. पण शेजारच्या पाड्यावर एक धवलेरी आहे, अजून गळा शाबूत आहे. अभ्यासक्रमाची बैठक ठरली की कळवा. डहाणूहून चर्चगेटला लोकल आहे, मी त्यांना घेऊन येतो.

आपला,
डहाणू तालुक्यातला एक चित्रकला शिक्षक